मे महिन्यात श्रीलंकेचा दक्षिण किनारा, रोड बाईकवर: टप्पे, टायर, जेवण?

हिप्परगा_फेरी

नमस्कार मंडळी. सोलापुरातले आम्ही पाचजण आहोत. रविवारची १०० किमीची राईड नियमित असते: तुळजापूर घाट, अक्कलकोट, कधी नळदुर्ग. मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेचा किनारा करायचं ठरतंय. ढोबळ बेत असा: कोलंबो, गॉल, मातरा, हंबन्तोटा, तिस्समहाराम आणि शेवटी कतरगाम. नकाशावर साधारण २८० किमी भरतात. चार दिवस हातात आहेत.

सायकली सगळ्या रोड बाईक, टायर २८ मिमी. तीन डिस्क ब्रेकच्या, दोन रिम ब्रेकच्या. टायरमध्ये हवा आम्ही १०० पीएसआय ठेवतो. दोघे शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंसुद्धा नाही.

विचारायचं ते असं. टप्पे कसे पाडावेत? सायकली सोलापूरहून विमानापर्यंत आणि पुढे कशा न्याव्यात? शाकाहारी जेवणाचं काय? उन्हाची काळजी नाही, ४३-४४ अंशांत वाढलेली माणसं आहोत. एकजण म्हणतोय व्हिसा-पासपोर्टची भानगड नको, अंदमानच करू. त्यावरही सांगा.

भुईकोट

मे विसरा. बाकी सगळं नंतर.

त्या बेटावर पावसाच्या दोन पाळ्या आहेत. नैर्ऋत्य मोसमी मे ते सप्टेंबर, तो कोलंबो-गॉल-मातरा या बाजूला कोसळतो. ईशान्य मोसमी डिसेंबर ते फेब्रुवारी, तो त्रिंकोमाली-बट्टिकलोआ या पूर्व बाजूला. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दोन्हीकडे पाऊस आणि वर चक्रीवादळाची धास्ती. तुम्ही ठरवलेला रस्ता मेच्या उत्तरार्धात म्हणजे ऐन तोंडाला येतो. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षी मे महिन्यातच त्या भागात मोठे पूर आले होते. आपल्याकडे पावसात राईड म्हणजे मजा, कारण तास-दोन तासांत उघडतं. तिथे संततधार लागली की रस्त्याची कड दिसत नाही आणि रिम ब्रेकवाल्या दोघांचे हाल होतील.

दक्षिण किनाऱ्याला डिसेंबर अखेर ते मार्च उत्तम. त्यातही मध्य जानेवारी ते मध्य मार्च.

मे हलवता येतच नसेल तर किनारा हलवा, पूर्वेला जा. पोत्तुविल ते बट्टिकलोआ ए-४ रस्त्याने साधारण ११० किमी, बट्टिकलोआ ते त्रिंकोमाली ए-१५ ने साधारण १३०. सपाट, वाहनं कमी, रस्ता चांगला. सुरुवात अरुगम बेपासून, पोत्तुविलच्या दक्षिणेला ती तीनेक किमीवर आहे. जायचं दक्षिणेकडून उत्तरेला, कारण त्या महिन्यांत वारा नैर्ऋत्येचा असतो आणि तो पाठीवर घ्यायचा. पोत्तुविल ते अक्करैपत्तु हा पट्टा ओसाड आहे, हत्तींचा वावर आहे, तिथे उजाडल्याशिवाय निघायचं नाही. अक्करैपत्तुनंतर काट्टान्कुडीपर्यंत गावाला गाव लागून. मुस्लिम वस्ती मोठी असल्याने शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेत दुकानं बंद मिळतात, पाणी त्याआधी भरून घ्या. दुसऱ्या टप्प्यात वाकरै ते वेरुगल दरम्यान दुकानं विरळ आहेत, दोनऐवजी तीन बाटल्या लागतील. ऊन ३३ ते ३५. भाषा तमिळ. तेलुगू येतं म्हणून भागेल असं सोलापूरकराला वाटतं, पण पाण्याला तिथे ‘तण्णी’ म्हणावं लागतं, ‘नीळ्ळु’ म्हणून कोणी देणार नाही.

अंदमान: रोड बाईकसाठी नाहीच म्हणा. मुख्य अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगपासून पुढे ठरलेल्या वेळी वाहनांचा ताफा सुटतो, मध्ये थांबायची मुभा नाही, सायकल त्यात बसत नाही. राहिलं स्वराज द्वीप, म्हणजे जुनं हॅवलॉक. जेट्टीपासून राधानगर किनारा दहा-बारा किमी. सकाळच्या चहाआधी संपेल. कुटुंबाबरोबर जायला छान.

हिप्परगा_फेरी

बरं झालं विचारलं. दोघे शाळेत शिकवतात म्हणून मे धरला होता. फेब्रुवारीत बारावी, मार्चमध्ये दहावी, म्हणजे ते दोन्ही गेले. जानेवारीत गड्डा असतो, सिद्धेश्वराची यात्रा सोडून कोणी हलणार नाही. गड्डा आटोपला की २० जानेवारीनंतर आठ दिवस काढता येतील. तेव्हा दक्षिण किनारा जमेल ना? जमत असेल तर कोलंबोहून निघायचे टप्पे द्या.

उलटा_वारा

२० जानेवारीनंतर जमेल, उत्तम जमेल. पण कोलंबोहून निघू नका. कोलंबोला संपवूही नका.

बहुतेकांचे बेत कोलंबो ते तिस्स असे असतात, कारण विमान तिकडे उतरतं. नकाशावर ते सरळ दिसतं. तीन कारणांनी ते उलटं करा.

पहिलं म्हणजे वारा. जानेवारीत तो ईशान्येचा. तंगल्लच्या पूर्वेला नारळीची सावली विरते, मिठागरं आणि खुरटी झुडपं सुरू होतात, आडोसा उरत नाही. हंबन्तोटाला देशातल्या पहिल्या पवनचक्क्या उगाच बसवल्या नव्हत्या. पूर्वेकडे तोंड करून गेलात तर शेवटच्या दिवशी, थकलेल्या पायांनी, उघड्यावर ७० किमी तोंडावर वारा. उलट आलात तर तोच वारा मागून ढकलतो.

दुसरं, बाजू. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. कोलंबोहून निघालात तर समुद्र सतत उजवीकडे, म्हणजे दोन मार्गिकांपलीकडे. शहाळ्यासाठी थांबायचं तरी रस्ता ओलांडा. तिस्सहून निघालात तर समुद्र तुमच्या अंगाला. शिवाय समुद्राच्या बाजूने मोठे फाटे फारसे येत नाहीत, त्यामुळे डावीकडून अचानक घुसणारी रिक्षा कमी. याचा फायदा निसर्गशोभेपेक्षा जास्त आहे.

तिसरं, कोलंबो. गॉल रोड पानदुरापर्यंत म्हणजे आपला सात रस्ता चौक संध्याकाळी सहाला, तोही तीसेक किमी लांब. पहिल्याच दिवशी, नव्या देशात, नुकत्याच जोडलेल्या सायकलवर ते नको.

तर विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबोच्या उत्तरेला. तिथून मोठी व्हॅन करून थेट तिस्सला जा. विमानतळापासून हंबन्तोटापर्यंत आता एक्स्प्रेसवे सलग आहे, शेवटचा तुकडा २०२० मध्ये सुरू झाला. पाच खोकी आणि पाच माणसं एका व्हॅनमध्ये बसतात का हे खोक्यांची मापं कळवून आधी पक्कं करा. छताला कॅरियर आहे म्हणतात, पण खोकं भिजलं तर मऊ पडतं. सायकल घेऊन एक्स्प्रेसवेवर मात्र जाता येत नाही. तिथे मोटारसायकल आणि रिक्षालाही बंदी आहे.

टप्पे:

शून्य दिवस. सायकली जोडा आणि तिस्स ते कतरगाम फेरी मारा, एका बाजूला १५ ते १७ किमी. गिअर कुरकुरतो का, हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, खडखडतो का, हे इथेच कळू दे. कतरगाम म्हणजे कार्तिकस्वामीचं ठाणं. हिंदू, बौद्ध, मुसलमान सगळे जातात. संध्याकाळच्या पूजेचा मोह होईल, पण मग परत रिक्षाने या. अंधारात सायकलने नाही, रस्त्यावर हत्ती येतात. कतरगामहून बुत्तलकडे जाणारा रस्ता तर हत्तींनी गाड्या अडवण्यासाठीच ओळखला जातो. तिकडे मुळीच वळू नका, नकाशावर कितीही मोकळा दिसो.

पहिला दिवस. तिस्स ते तंगल्ल, ७० किमीच्या आसपास. सूर्योदय साधारण सव्वासहाच्या पुढे, त्याआधी निघायचं नाही, कारण सुरुवातीला बुंदल राष्ट्रीय उद्यानाची हद्द रस्त्याला लागून आहे. हंबन्तोटापर्यंत सावली शून्य. अंबलन्तोटाला वलवे नदीवरचा पूल ओलांडला की नाश्त्याला थांबा, तिथून पुढे झाडी परत सुरू होते. दहा-साडेदहाला तंगल्लला पोहोचायला हवं.

दुसरा दिवस. तंगल्ल ते गॉल, ८० च्या आत. हा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात फसवा टप्पा. मातरापर्यंत रस्ता सपाट नाही, छोटे छोटे चढ सारखे येतात. एकेक काहीच नाही, बेरीज लागते. वाटेत कुडावेल्लला हुम्मानय, म्हणजे खडकाच्या कपारीतून समुद्र वर उसळतो ते ठिकाण. लाट नसेल तर नुसतं भोक बघून याल, त्यामुळे समुद्र खवळलेला असेल तरच आत वळा. देविनुवरचं दीपगृह मात्र चुकवू नका, मुख्य रस्त्यापासून जेमतेम किमीभर आत, बेटाचं दक्षिण टोक तेच. तिथून पुढे दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. वेलिगाम ते उनावटुन हा तुकडा पर्यटकांचा, भाड्याच्या स्कूटरवर पहिल्यांदा बसलेले लोक इथे बसपेक्षा धोक्याचे. गॉलला किल्ल्याच्या आतच राहा. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी बांधून काढलेला. संध्याकाळी तटावरून चालत फेरी मारता येते.

तिसरा दिवस. गॉल ते बेन्तोट, ५५ ते ६०. सपाट. हिक्कडुवच्या पुढे पेरलिय येथे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत वाहून गेलेल्या रेल्वेगाडीचं स्मारक आहे. रेल्वे या सबंध पट्ट्यात रस्त्याच्या जवळून धावते, किनाऱ्याकडच्या फाट्यांवर फाटकं लागतात. रूळ काटकोनात ओलांडा, ओले असतील तर उतरून. बेन्तोटला सायकली खोक्यात आणि व्हॅनने विमानतळ.

उरलेला चौथा दिवस राखीव ठेवा. लागला नाही तर गॉलला घालवा.

बसबद्दल एकच. खाजगी बसवाले एकमेकांशी शर्यत लावतात, तुम्हाला ओव्हरटेक करून पुढच्याच थांब्याला आडवे येतात. थांबलेल्या बसला उजवीकडून ओलांडायची घाई करू नका, ती सिग्नल न देता सुटते. मागे थांबा, दहा सेकंद जातात. हँडलच्या उजव्या टोकाला आरसा लावा. शाळा साडेसातला भरतात आणि दीडला सुटतात, त्या वेळी गावातून जाणं टाळा.

भुईकोट

उलटा_वारा यांच्या दिशेला माझी पूर्ण सहमती, एक दुरुस्ती सोडून. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे तिसऱ्या दिवशी, तो डावीकडून आडवा लागतो. बस शेजारून गेली की क्षणभर वारा अडतो आणि मग एकदम परत आदळतो. खोल, म्हणजे उंच कडेच्या रिमची चाकं कोणाकडे असतील तर घरी ठेवा. हात ड्रॉप्सवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर.

कंबर_तलाव

‘उन्हाची काळजी नाही’ या वाक्यावर लिहितो, कारण खरा धोका तिथेच आहे.

सोलापूरच्या मे महिन्यात ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरलं तर तो २३-२४ दाखवेल. गॉलला ३० अंश आणि ८० टक्के धरा. तिथे तेच ओलं फडकं २७ दाखवेल. सायकल चालवताना तुमचं अंग म्हणजे ते ओलं फडकंच. आपल्या घरात मे महिन्यात कूलर झकास चालतो आणि जुलैत दमट हवेत तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, त्याचंच हे गणित. घाम येतो, पण वाळत नाही. वाळला नाही तर थंडावा नाही. शरीर मग आणखी घाम काढतं, जो नुसता टपकतो.

परिणाम असा की इथे २८ च्या वेगाला नाडीचे जे ठोके पडतात ते तिथे २५ ला पडतील. वेग बघून चालवू नका, ठोके बघून चालवा. पहिले दोन दिवस नेहमीपेक्षा दहा टक्के हळू.

जानेवारीत सोलापूरची हवा कोरडी आणि सकाळी थंड, त्यामुळे रस्त्यावरची तयारी इथे उपयोगाची नाही. ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवर चालवायचा स्टँड, असेल तर खोली बंद, पंखा बंद, ४५ ते ६० मिनिटं हलका जोर, सलग आठ-दहा दिवस. शेवटची बैठक निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी. ही सवय दोन-तीन आठवड्यांत उतरते, त्यामुळे डिसेंबरात करून ठेवून फायदा नाही. गड्ड्याच्या गर्दीतही वेळ काढा. एकट्याने करू नका, घरात कोणीतरी असू द्या. चक्कर आली तर लगेच थांबा.

पाणी आणि मीठ. राईडच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. एका तासात किती किलो घटलं, अधिक किती लिटर प्यायलात, ती तुमची घामाची गती. तिथे बहुतेकांची ताशी एक ते दीड लिटर भरते. ताशी ७०० ते ८०० मिलि प्या, त्याहून जास्त पोटात डुचमळतं. एकूण घट वजनाच्या दोन टक्क्यांत राहिली पाहिजे. लिटरमागे दीड ग्रॅम मीठ, म्हणजे छोट्या चमच्याचा पाव भाग, त्यातून साधारण ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ओआरएसचं पूर्ण पाकीट लिटरला घातलं तर राईडमध्ये ते फार खारट लागतं आणि लोक पिणंच सोडतात. अर्धं घाला. एका बाटलीत हे, दुसरीत साधं पाणी.

रस्त्याकडेला केशरी शहाळं मिळतं, ‘तंबिली’. जरूर प्या, पण ते मीठ भरून काढत नाही, त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी. सोबत चिमूटभर मीठ जिभेवर ठेवा. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. गडी म्हणतो उन्हाने झालं आणि आणखी पाणी पितो. तिथे उलट मीठ हवं असतं.

अंगावर शहारे येणं, बडबड असंबद्ध होणं, चाल लटपटणं, यातलं काही दिसलं तर राईड संपली. सावली, अंगावर पाणी, मान-काख-जांघेत बर्फ, आणि दवाखाना. दमट हवेत नुसतं वारा घालून भागत नाही, बर्फ हवाच. मासळीच्या प्रत्येक गावात तो मिळतो.

कपड्यांचं एक. आपला सोलापुरी टॉवेल कितीही लाडका असला तरी तिथे दोन दिवस वाळत नाही. सुती पंचा न्या. धुतलेली बिब, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली सायकलची चड्डी, पंच्यात गुंडाळून पायाने तुडवली की सकाळपर्यंत घालण्याजोगी होते. ओली बिब घालून ७० किमी गेलात तर तिसऱ्या दिवशी सीटवर बसवणार नाही.

पाना_पंधरा

सायकलींचं मी सांगतो.

आधी हवा. १०० पीएसआय हे २३ मिमीच्या जमान्यातलं. टायरच्या कडेला छापलेला आकडा कमाल असतो, शिफारस नसते. ट्यूबचा २८ मिमी टायर, माणूस आणि सायकल मिळून ८० ते ८५ किलो: मागे ७२, पुढे ६८. ओल्या रस्त्यावर दोन्हीकडून पाच कमी. कोणाची रिम हुकलेस, म्हणजे टायर अडकवायला कडेला आकडा नसलेली, असेल तर ७२ ही मर्यादाच समजा, वर जाऊच नका.

ट्यूब माणशी तीन. तिथल्या गावातल्या दुकानात लुमाला सायकलींचं सामान मिळतं, म्हणजे साध्या जाड टायरचं. प्रेस्टा, म्हणजे बारीक व्हॉल्व्हची, ७००-सी ट्यूब गॉलच्या पूर्वेला मिळेल या भरवशावर राहू नका. प्रेस्टाचं पितळी अडॅप्टर जवळ ठेवा, पेट्रोल पंपावर हवा भरता येते. जुन्या टायरच्या कडेचा चार-पाच सेंमीचा तुकडा पाकिटात ठेवा, टायर फाटला तर आतून लावायला. चेनची क्विक लिंक, म्हणजे जोडायची सुटी कडी, ज्याच्या त्याच्या स्पीडची, ११ ची १२ ला चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डिरेल्युर हँगर, म्हणजे मागची गिअर बदलणारी यंत्रणा फ्रेमला धरणारा छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा, म्हणून पाचजणांचे पाच. प्रवासात मोडणारी वस्तू हीच, आणि तिथे न मिळणारी वस्तूही हीच.

खोकं भरताना क्रम असा. सीटपोस्टवर उंचीची खूण म्हणून काळी टेप गुंडाळा, मग काढा. पेडल १५ च्या पान्याने किंवा ६-८ च्या ॲलनने. डाव्याचा आटा उलटा असतो. लक्षात ठेवायला सोपं: पाना वरच्या दिशेला धरा, मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही बाजूंचं पेडल तसंच सुटतं. मागचा डिरेल्युर हँगरपासून सोडवून चेनस्टेला, म्हणजे चेनलगतच्या मागच्या नळीला, कापडात बांधा. चाकं काढल्यावर फोर्क आणि मागच्या ड्रॉपआउटमध्ये अडणी घाला, नाहीतर वरून वजन पडलं की फ्रेम चेपते. डिस्क असेल तर पॅडमध्ये प्लॅस्टिकची पट्टी घाला. चाक नसताना ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि तिस्सला बसून ते मागे ढकलत बसावं लागतं. रोटर काढून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत ठेवा. हवा अर्धी सोडा, पूर्ण नको, टायरच रिमचं रक्षण करतो.

भरावाला थर्माकोल कशाला, घराघरात जुन्या सोलापुरी चादरी पडून असतात. पट्ट्या फाडा, फ्रेमच्या नळ्यांना गुंडाळा, सुतळीने बांधा. येताना त्याच वापरता येतात.

खोक्याचं वजन भुसार दुकानातल्या काट्यावर करा. नऊ किलोची सायकल, पाच-सहा किलोचं खोकं, वर हत्यारं. २३ च्या आत सहज बसतं. त्यात कपडे कोंबले की बसत नाही. पॉवर बँक केबिन बॅगेत. सीओ-२ ची काडतुसं घरी ठेवा, हातपंप न्या.

सोलापूरहून पुढे: चेन्नईच्या गाड्या इथून जातात हे खरं, पण डब्यात सामानाची मर्यादा १०० × ६० × २५ सेंमी आहे. सायकलचं खोकं त्यात बसत नाही. ते लगेज व्हॅनमध्ये बुक करावं लागतं, आणि ते तुमच्याच गाडीला चढलं की नाही हे प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघावं लागतं. विमान गाठायचं असताना हा ताप नको. विमान हैदराबादहून धरा, ते रस्त्याने ३०० किमीच्या थोडं वर आहे. पाचजणांत एक टेम्पो ट्रॅव्हलर करा, मागच्या सीट काढून खोकी उभी ठेवा. आडवी एकावर एक रचू नका.

जोडताना हेडसेटचा क्रम चुकू नका. आधी वरची कॅप खेळ जाईपर्यंत, मग स्टेमचे बोल्ट, बहुतेक स्टेमना ५ न्यूटन मीटर, आकडा त्यावर छापलेला असतो. उलट केलंत तर खेळ राहतो आणि ब्रेक मारला की पुढून टकटक येते.

आता खारी हवा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, म्हणून सायकल कोरडी दिसली तरी ओलीच असते. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट असेल तिथे हे पाणी दोघांत विजेचा घट बनवतं आणि ॲल्युमिनियम खातं. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट, पेडल, सीटपोस्ट, स्पोकचे निपल, हे पहिले जातात. म्हणून निघण्याआधीच पेडलच्या आट्यांना, बोल्टना आणि धातूच्या सीटपोस्टला ग्रीस. कार्बन सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट.

रोज संध्याकाळी अर्धी बादली गोडं पाणी वरून ओता. प्रेशरचा पाईप नको, मीठ बेअरिंगमध्ये घुसतं. फडक्याने पुसा, चेन पुसा, कडीला एक थेंब तेल, दहा मिनिटांनी वरचं तेल परत पुसून टाका. तेल आत लागतं, बाहेर राहिलं की वाळू धरतं आणि चेन कानशीसारखी कॅसेट घासते. रिम ब्रेकवाल्यांनी पॅड बघायचे. रबरात चमकणारे कण रुतलेले दिसले तर टाचणीने काढा, ती तुमचीच रिम आहे.

परत आल्यावर सायकल भिंतीला टेकवून महिनाभर विसरू नका. आठवड्याच्या आत सीटपोस्ट, पेडल, हेडसेटचं खालचं बेअरिंग उघडून बघा. हँडलची टेपही सोडा. घाम आणि मीठ टेपखाली साठून ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर येते. ती दिसली तर हँडल बदला, घासून परत लावू नका.

शेंगाचटणी

शाकाहारी दोघांसाठी.

भाताबरोबर चार-पाच भाज्या, डाळ, असं जेवण सगळीकडे मिळतं, उपाशी राहणार नाहीत. अडचण एकच, ‘उंबलकड’. वाळवलेल्या माशाचा चुरा. तो दिसत नाही, चवीला म्हणून घातलेला असतो. खोबऱ्याच्या लाल चटणीत, ‘पोळ संबोल’मध्ये, बहुतेक वेळा असतो. डाळीच्या फोडणीतही कधीकधी. ‘भाजी आहे का’ विचारून उपयोग नाही, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच. सरळ म्हणा: ‘मस् माळु उंबलकड नॅतुव’, म्हणजे मांस, मासे, उंबलकड नको. ‘बित्तर नॅतुव’ म्हणजे अंडं नको.

बेकरीत त्रिकोणी बन दिसला की हात आखडा, तो ‘माळु पान’, आत मासा. लांबट, वर साखर लावलेला ‘किंबुला बनिस’ गोड असतो. राईडमध्ये खिशात टाकायला चांगला, अंड्याचं तेवढं विचारून घ्या. न्याहारीला इडिअप्पम किंवा साधा आप्प, ‘पोळ रोटी’ म्हणजे ओल्या खोबऱ्याची जाड रोटी. ती भाकरीची आठवण करून देते आणि पोटाला टिकते. फणसाची भाजी, ‘पोलोस’, सोडू नका. चहा गोडमिट्ट असतो, बिनसाखरेचा हवा तर ‘सीनि नॅतुव’.

कतरगाम यात्रेचं गाव असल्याने तिथे शाकाहारी जेवण शोधावं लागत नाही. त्यामुळे सुरुवात त्या टोकाला असणं या दोघांसाठीही बरं.

कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायची असेल तर रोजच्या हिशोबाने वेगवेगळ्या झिप पिशव्यांत भरा. सोलापुरात महिना टिकणारी कडक भाकरी तिथे पिशवी उघडल्यावर संध्याकाळपर्यंत सादळते. चटणीत मीठ आणि तेल दोन्ही आहे, राईड संपल्यावर भातावर घ्या. राईडमध्ये नको, तहान लागते आणि घशाला बसते.

वाट विचारायला: डावं ‘वम’, उजवं ‘दकुण’, सरळ ‘केलिन्’. वाम-दक्षिण आठवलं की झालं. पाणी ‘वतुर’.

हिप्परगा_फेरी

सगळं लिहून घेतलं. दिशा उलटी केली, खोल रिमवाल्याला कळवलं, तो नाराज आहे. दोन शंका. पौर्णिमेला तिथे सगळं बंद असतं म्हणतात, ते खरं का? आणि कुत्री?

भुईकोट

पौर्णिमेला ‘पोय’ची सार्वजनिक सुट्टी, दर महिन्याला. दारू मिळत नाही, काही दुकानं बंद असतात, बस-रिक्षा चालू. मातरा-गॉलसारख्या ठिकाणी जेवणाची अडचण येत नाही. पण देवळांच्या गावी गर्दी वाढते, त्यामुळे त्या रात्रीची कतरगाम-तिस्सची खोली आधी ठरवा. पंचांग बघून तारखा नक्की करा. एप्रिलच्या १३-१४ तारखेचं नववर्ष मात्र खरंच कडकडीत बंद असतं, तुम्हाला ते लागत नाही.

कुत्री आपल्यासारखीच, रस्त्याच्या मधोमध झोपलेली. उठून पाठलाग करणारी कमी, पण झोपलेलं कुत्रं शेवटच्या क्षणी कुठे सरकेल सांगता येत नाही. त्याच्या शेपटीच्या बाजूने काढा, बहुतेक वेळा ते तोंडाकडे उठतं. चावलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी लस, बेन्तोटला पोहोचून बघू असं नाही.

पाना_पंधरा

खोल रिमवाल्याला सांगा, चाकं बदलली तर कॅसेटही बदलून बघ आणि गिअर इथेच लावून घे. एक राईड अक्कलकोटपर्यंत त्याच चाकांवर कर. नव्या चाकावर इंडेक्सिंग, म्हणजे गिअरची बसवणूक, अर्ध्या वळणाने हलतं, आणि ते तिस्सच्या लॉजमध्ये ४० वॅटच्या दिव्याखाली लावायचं काम नाही.